बिऱ्हाड एक की मुक्काम चार?

सुट्टीचं ठिकाण ठरवताना घरात खूप चर्चा होते. तिथे गेल्यावर राहायचं कसं, यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही. पाच रात्री हातात आहेत. एकाच गावात खोली घेऊन रोज आजूबाजूला फिरायचं, की दर रात्री पुढचं गाव गाठायचं? सहल सुखाची होईल की दमवणारी, हे ठिकाणापेक्षा या प्रश्नाच्या उत्तरावर जास्त ठरतं, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक घरांत हा प्रश्न विचारलाच जात नाही, कारण उत्तर आधीच सवयीतून आलेलं असतं.

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातल्या मराठी कुटुंबांना अशा दोन सवयी आहेत. पहिली गावची. मे महिन्यात कोकणातल्या, देशावरच्या किंवा खानदेशातल्या घरी जायचं आणि शाळा सुरू होईपर्यंत तिथेच राहायचं. त्यात बिऱ्हाड एकच. फिरणं म्हणजे शेजारच्या गावची जत्रा, मावशीचं घर, फार तर एखादं देवस्थान. दुसरी सवय टूरची. केसरी टूर्स १९८४ साली सुरू झाली, वीणा वर्ल्ड २०१३ साली. अशा मराठी कंपन्यांनी मध्यमवर्गाला राजस्थानपासून युरोपपर्यंत फिरवलं आणि त्यांच्या कार्यक्रमपत्रिकांमधून सहलीचा एक साचाही आपल्या मनात बसवला: पहिला दिवस अमुक, दुसरा तमुक, मुक्काम प्रत्येक वेळी नव्या शहरात.

हा साचा टूरमध्ये चालतो, त्याची कारणं आहेत. बस दारात उभी असते, खोल्यांच्या किल्ल्या आधीच वाटलेल्या असतात, बॅगा वर पोचवायला माणसं असतात, जेवण कुठे आणि किती वाजता हे सहल व्यवस्थापकाने ठरवून ठेवलेलं असतं. हलण्याचा सगळा त्रास दुसऱ्या कोणीतरी उचललेला असतो आणि त्याचेच आपण पैसे मोजतो. गडबड होते ती आपण तीच पत्रिका उचलून स्वतःची सहल आखतो तेव्हा. गावं तीच, रात्री तितक्याच, पण व्यवस्थापक नाही. मग ते काम घरातल्या एका माणसावर पडतं, आणि त्या माणसाची सुट्टी होतच नाही.

हलायच्या दिवशीची एक सकाळ जवळून पाहिली की हिशेब लक्षात येतो. नाश्ता साडेआठला. एकजण अजून अंघोळीला गेलेला, दुसरा बॅगेवर गुडघा टेकवून चेन ओढतोय. ओले टॉवेल आणि वाळूचे कपडे वेगळ्या पिशवीत, ती पिशवी कुठल्या बॅगेत यावर दोन मतं. चार्जर प्लगलाच राहिला का, आजींच्या गोळ्यांची डबी उशीखाली आहे का, म्हणून खोलीत पुन्हा एक फेरी. काउंटरवर बिल. खोली दहा-अकराला सोडायची आणि पुढची बारा किंवा दोनला मिळणार, म्हणजे मधले तास सामानाची राखण करत काढायचे. पोचल्यावर गरम पाणी येतं का, पंख्याचं बटण कुठलं, जेवायला आत मिळतं की बाहेर जावं लागतं, हे सगळं नव्याने शिकायचं. दोन गावांतलं अंतर तीस किलोमीटर असो वा दीडशे, प्रवासाचे तास धरले नाहीत तरी यात सहज तीन तास जातात. प्रवास धरला की अर्धा दिवस गेला.

पाच रात्रींच्या सहलीत जायचा आणि यायचा दिवस सोडला तर पुरे दिवस चार उरतात. चार हॉटेलं घेतली की तीनदा हलावं लागतं, म्हणजे दीड दिवस. हातातल्या वेळेचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग बॅगा भरण्यात आणि उघडण्यात जातो.

झोपेचा हिशेब याहून वेगळा. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मासाको तामाकी, युका सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी जागी पहिल्या रात्री माणूस गाढ झोपला तरी मेंदूचा डावा अर्धगोल उजव्यापेक्षा सावध राहतो, बारीक आवाजालाही प्रतिसाद देतो, असं त्यांना आढळलं. नंतरच्या रात्री हा फरक राहिला नाही. दर रात्री नवं हॉटेल म्हणजे दर रात्र पहिलीच रात्र. सहलीहून परतल्यावर ‘झोप काही नीट झाली नाही’ असं जे आपण सगळे म्हणतो, त्यामागे फक्त गादी नसते.

नेदरलँड्समधल्या येरून नावाइन आणि सहकाऱ्यांचा २०१० सालचा अभ्यासही इथे कामाचा आहे. त्यांनी दीड हजारांवर डच प्रौढांना सुट्टीच्या आधी आणि नंतर किती आनंदी वाटतं, हे विचारलं. जाण्याआधी सुट्टीवर निघणारे इतरांपेक्षा खुशीत होते. परतल्यावर मात्र त्यांच्यात आणि न गेलेल्यांत फरक उरला नाही. अपवाद एकच: ज्यांनी आपली सुट्टी अगदी निवांत गेली असं सांगितलं, त्यांचा आनंद काही आठवडे टिकला, आणि दोन महिन्यांत तोही ओसरला.

एवढं वाचून ‘मग एकच बिऱ्हाड’ असा निकाल देऊन मोकळं व्हावंसं वाटेल. पण ठाणे-कल्याणच्या माणसाने इथे थांबून विचार करायला हवा. आपलं रोजचं आयुष्यच एका बिऱ्हाडातून सकाळी निघून संध्याकाळी परतण्याचं आहे. डोंबिवलीहून दक्षिण मुंबईतल्या कचेरीत जाणारा माणूस घरापासून घरापर्यंत दिवसाचे तीन-चार तास प्रवासात घालवतो. त्याने सुट्टीत कुडाळला हायवेवरचं हॉटेल घ्यावं, रोज सकाळी मालवणला जावं, रात्री परतावं, तर ती पुन्हा अपडाऊनच झाली. म्हणून बिऱ्हाड निवडताना माझी कसोटी एकच आहे: त्या जागी एक अख्खा दिवस कुठल्याही वाहनात न बसता आनंदात जाईल का? जात असेल तर तिथे राहावं. नसेल तर ती जागा कितीही ‘मध्यवर्ती’ असो, फक्त झोपायच्या सोयीची.

या कसोटीला सर्वांत सहज उतरतं ते आपल्या अगदी जवळचं माथेरान. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली या डोंगरावर चढून गेले आणि तिथे थंड हवेचं ठिकाण वसलं. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभारलेली नेरळची छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे पायी, घोड्यावर किंवा रिक्षाने. सगळे पॉइंट पायवाटांनी जोडलेले. कल्याणहून कर्जत लोकलने नेरळ गाठलं की तिथून हे सगळं हाताशी आहे. एका जागी राहणं आपल्या घराला मानवतं का, हे अजमावायला दोन रात्रींचं माथेरान पुरतं.

कोकणात मात्र जमिनीची ठेवण समजून घेतल्याशिवाय आखणी करू नये. तिथला नकाशा फणीसारखा आहे. कोकण रेल्वे आणि मुंबई-गोवा महामार्ग हा फणीचा कणा, समुद्रापासून आत. किनाऱ्यावरची गावं दातांच्या टोकांना, आणि दोन दातांच्या मध्ये खाडी. नकाशावर शेजारी दिसणारी दोन गावं गाठायची तर एका दाताने वर कण्यापर्यंत यायचं आणि दुसऱ्याने पुन्हा खाली उतरायचं. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर धोपावे दिसतं. मध्ये वाशिष्ठीची खाडी. गाडीने वळसा घालायचा तर चिपळूणवरून. फेरीबोटीत गाडी चढवली की काही मिनिटांत पलीकडे, गुहागर तालुक्यात. पुढे तवसाळहून जयगडला अशीच दुसरी बोट शास्त्रीच्या खाडीवर. उत्तरेला सावित्रीच्या मुखाशी वेसवी-बागमांडले, राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा-दिघी.

त्यामुळे कोकणात दोनच आखण्या मला शहाणपणाच्या वाटतात. एक, फणीचा एक दात निवडायचा आणि तो पुरता पाहायचा. दुसरी, स्वतःची गाडी असेल तर फेरीबोटी धरून किनाऱ्याने सरळ दक्षिणेला जायचं आणि परत येताना महामार्ग घ्यायचा. या दोन्हींची सरमिसळ करून रोज कण्यापर्यंत वर-खाली करणारी सहल सगळ्यात वाईट.

एक दात किती भरलेला असतो, हे दापोली तालुक्यात कळतं. खेड स्टेशनवरून साधारण तीस किलोमीटर. कर्दे, मुरूड, हर्णै, आंजर्ले, केळशी, दाभोळ, पन्हाळेकाजीची लेणी, सगळं दापोलीपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरच्या आत. मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव, पालगड साने गुरुजींचं, वणंद रमाबाई आंबेडकरांचं. एकाच तालुक्यात ही तीन गावं आहेत आणि तिथे नुसतं ‘स्पॉट’ म्हणून जाऊन येण्यात अर्थ नाही. अर्धा दिवस तरी हवा. दापोली शहरात राहावं की समुद्रावर? कसोटी लावली की उत्तर मिळतं. शहरात राहिलं की रोज गाडी काढावी लागते. मुरूडला किंवा आंजर्ल्याला राहिलं तर ज्या दिवशी कुठेच जायचं नसेल, तो दिवसही भरून जातो.

हर्णैचा मासळी लिलाव पाहायला तिसरा दिवस उत्तम. पहिल्या दिवशी गेलेला पाहुणा गर्दी आणि वास यांनीच भांबावतो. समुद्रात होड्या उभ्या, त्यांच्यातली मासळी उथळ पाण्यातून काठावर येते, वाळूवर ढीग लागतात, आणि लिलाव पुकारणाऱ्याभोवती बायकांचं कडं तयार होतं. बोली इतकी भरभर चढते की नवख्याला कळत नाही कोणी काय घेतलं. दोन दिवस आसपास राहून, खानावळीत जेवताना सुरमई-पापलेटचे भाव कानावर पडलेले असले, की तोच लिलाव समजू लागतो. मग खानावळवाल्या काकू विचारतात, ‘आज काय आणलं बाजारात?’ चार गावं पळत पाहणाऱ्याला हे विचारायला कोणी नसतं.

उलट बाजू तितकीच खरी आहे. काही प्रदेश रेषेसारखे असतात. तिथे एका जागी बसून राहणं म्हणजे रोज तोच रस्ता मागे फिरणं. केरळचं उदाहरण घ्या. कोचीहून मुन्नार सुमारे १३० किलोमीटर, पण घाटाचे चार तास. मुन्नारहून थेक्कडी नव्वदच्या आसपास, पुन्हा घाट. तिथून खाली अलप्पुळाच्या बॅकवॉटरला. चहाचे मळे, जंगल, पाणी ही उतरंड एका दिशेने जाते आणि मागे वळायचं काही कारणच नसतं. इथे हलत जाणंच बरोबर, फक्त प्रत्येक ठिकाणी दोन रात्री द्याव्यात. अष्टविनायकाची गोष्ट तर वेगळीच. मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव: आठही दर्शनं होणं हाच हेतू, म्हणून वाटेत एका भक्तनिवासात पाठ टेकून पुढे निघणं योग्यच. यात्रेला सुट्टीची फूटपट्टी लावू नये.

मग रेष की वर्तुळ, हे ओळखायचं कसं? मी तासांचा साधा हिशेब करतो, किलोमीटरचा नाही. एखादं ठिकाण बिऱ्हाडापासून दोन तासांवर असेल, तर जाऊन-येऊन चार तास. तिथे मुक्काम हलवायचा तर दोन तास प्रवास आणि बांधाबांधीचे तीन, म्हणजे पाच. राहिलेलं बरं. ते तीन तासांवर असेल, तर जाऊन-येऊन सहा तास, आणि हलवणं परवडू लागतं, परतीची गाडी त्याच बाजूने मिळत असेल तर नक्कीच. आणि दोन तासांची अशी फेरीसुद्धा एका सहलीत एकदाच. रोज केली की पुन्हा लोकलचं आयुष्य.

परतीची गाडी हा मुद्दा आपल्या पट्ट्यात विशेष महत्त्वाचा. कल्याण हे जंक्शन. इथून एक फाटा कसाऱ्याच्या घाटाने नाशिक-भुसावळकडे जातो, दुसरा कर्जतमार्गे पुणे-सोलापूरकडे. कोकणच्या बहुतेक गाड्या मात्र दिव्याहून पनवेलकडे वळतात आणि कल्याणला येत नाहीत. कल्याण-डोंबिवलीकरांना त्यासाठी ठाणे, दिवा किंवा पनवेल गाठावं लागतं. याचा अर्थ असा की उत्तरेच्या आणि मराठवाड्याच्या सहली कल्याणकराला जास्त मोकळेपणाने आखता येतात. वेरूळ-अजिंठ्याचंच बघा. बहुतेक जण छत्रपती संभाजीनगरला उतरतात, तिथेच राहतात आणि अजिंठ्याला शंभर किलोमीटर जाऊन शंभर परत येतात. त्याऐवजी कल्याणहून रात्रीच्या गाडीने जळगाव गाठावं. तिथून अजिंठा साठेक किलोमीटर. खाजगी गाड्या लेण्यांपासून चार किलोमीटर अलीकडे थांबतात आणि पुढे एसटीच्या बसने जावं लागतं, हे धरून सकाळ तिथे घालवावी आणि संध्याकाळी तसंच पुढे संभाजीनगरला जावं. बिऱ्हाड तिथे मांडून वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा सावकाश पाहावं आणि देवगिरी एक्सप्रेसने परतावं. अजिंठ्याचा रस्ता दोनदा होत नाही. फक्त एक पथ्य: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. एका जागी दोन-तीन रात्री असल्या तर दिवसांची अदलाबदल करता येते. दर रात्री पुढे सरकणाऱ्याला एक बंद दिवस आडवा आला की ते ठिकाण कायमचं हुकतं.

रेल्वेचे नियमही थोडे ठाऊक हवेत. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. ५०० किलोमीटरहून लांबच्या एकेरी तिकिटावर, पहिले ५०० किलोमीटर झाल्यावर, वाटेत एकदा उतरून दोन दिवसांपर्यंत थांबता येतं. हजाराहून जास्त अंतर असेल तर दोनदा. निघाल्या ठिकाणी परत आणणारं चक्री तिकीटही असतं आणि त्यावर जास्तीत जास्त आठ थांबे घेता येतात. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास त्याच जातीचा. हे नियम हलत राहणाऱ्यांच्या सोयीचे. उलट भाड्याची मोटार बिऱ्हाडवाल्याला महाग पडते, कारण बाहेरगावच्या गाडीला दिवसाचे किमान अडीचशे-तीनशे किलोमीटर धरतात आणि चालकाचा भत्ता वेगळा. गाडी हॉटेलच्या आवारात उभी राहिली तरी मीटर चालूच. म्हणून एका जागी राहायचं ठरलं की रेल्वेने जावं आणि तिथली रिक्षा किंवा टॅक्सी लागेल त्या दिवसापुरती करावी. पैसे वाचतात आणि स्थानिक चालकाकडून जे कळतं ते आपल्या चालकाला ठाऊक नसतं.

नोकरदारांच्या प्रवास सवलतीनेही आपल्या सुट्ट्यांना आकार दिलाय. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला ‘स्वग्राम’ आणि ‘महाराष्ट्र दर्शन’ अशा दोन सवलती आहेत. पैसे मिळतात प्रवासाचे, खोलीचे नाहीत. केंद्राच्या सवलतीत भाडं जाहीर केलेल्या ठिकाणापर्यंतच्या जवळच्या मार्गाने मोजतात. साहजिकच घरोघरी दूरचं टोक निवडण्याकडे कल राहिला, आणि टोकापर्यंत गेलोच आहोत तर वाटेतलं सगळं उरकू, असा विचार रुजला. कन्याकुमारीला पाय लावून आलेली कितीतरी कुटुंबं तिथे एक सूर्योदय आणि एक सूर्यास्त एवढंच पाहून परतली.

सगळ्यात शेवटी मोजायचं ते माणसांना, पण खरं तर त्यांनाच आधी मोजायला हवं. गुडघे दुखणाऱ्या सत्तरीतल्या आजी आणि दुपारी झोपणारं तीन वर्षांचं मूल सोबत असेल तर एकच बिऱ्हाड, यावर चर्चा नको. ज्यांना नको असेल त्यांनी खोलीवर राहावं, बाकीच्यांनी गड चढावा. एका जागी राहण्याचा हा मोठा फायदा की सगळ्यांना सगळीकडे यावं लागत नाही. हलत्या सहलीत प्रत्येकाला प्रत्येक गाडीत बसावंच लागतं. कॉलेजातल्या मुलांनी मात्र खुशाल पाठीवर पिशवी टाकून रोज पुढे जावं.

पाच-सहा रात्रींसाठी माझी आवडती आखणी दोन बिऱ्हाडांची, आणि तिला सिंधुदुर्गासारखा दुसरा जिल्हा नाही. ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या धरावी, सकाळी कुडाळला उतरावं आणि मालवणात तीन रात्री राहावं. खोली गावात, जेट्टीपासून चालत जाता येईल अशी. सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी १६६४ साली सुरू केलं. पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून ऑक्टोबर ते मे हा काळ. तारकर्ली, देवबाग हाकेच्या अंतरावर. एक दुपार धामापूरच्या तलावाला द्यावी. हा तलाव १५३० सालचा आहे आणि २०२० साली त्याला जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला. मग कर्ली नदी ओलांडून वेंगुर्ल्याला दोन-तीन रात्री. शिरोडा तिथून जवळ. १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला, आणि वि. स. खांडेकर याच गावच्या शाळेत शिकवत. सामान एकदाच बांधायचं, तेही मध्यावर. परतीसाठी पुन्हा कुडाळला वर जाऊ नये. वाटेत सावंतवाडीत लाकडी खेळणी आणि राजवाड्यातली गंजिफा पाहावी आणि तिथूनच गाडी धरावी. दादरची तुतारी आणि दिव्याची पॅसेंजर सावंतवाडी रोडवरूनच सुटतात, त्यामुळे सामान लावायला आणि आजींना खिडकी मिळवायला फलाटावर पुरेसा वेळ असतो.